चाळीस मॅच, नऊ खाडे

रत्नाकाकूंच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला एक मराठी कॅलेंडर टांगलेलं असे, आणि आपल्याकडे त्यावर दुधाचा हिशेब ठेवतात तसा शशिकांतकाका त्यावर मुलाच्या हॉकीचा हिशेब ठेवत. कबीर ज्या दिवशी मॅच खेळला त्या चौकोनात निळ्या पेनाने आकडा. टीमबरोबर असूनही कोचने त्याला बर्फावर उतरवलं नाही, की लाल पेनाने फुली. या फुलीला घरात 'खाडा' म्हणायचे. "कालही खाडा झाला," असं काका फोनवर नागपूरच्या बहिणीला सांगत, आणि ती बिचारी इतक्या वर्षांनंतरही विचारी, "मग चहाचं काय केलंत?"

शंतनूला हे कॅलेंडर जवळजवळ पाठ होतं. तो दर रविवारी बॉस्टनजवळच्या श्रूजबरीच्या या घरी जेवायला यायचा आणि त्याची खुर्ची नेमकी फ्रिजसमोर होती. वय एकतीस, तोही नागपूरचाच, आणि बर्फाशी त्याची पहिली ओळख उसाच्या रसाच्या गाड्यावर झालेली. पण नशिबाला अशा गमती सुचतात. वूस्टरला संख्याशास्त्र शिकायला आलेला हा मुलगा पायलट्स नावाच्या व्यावसायिक आइस हॉकी टीममध्ये नोकरीला लागला. कोण किती मिनिटं खेळला, त्याच्या असण्याने किती गोल वाचले, पुढच्या वर्षी तो किती थकलेला असेल, हे सगळं तो कॉम्प्युटरवर मांडायचा. पायात स्केट्स घालून त्याला उभंही राहता येत नव्हतं, पण त्याच्या आकड्यांवर माणसं ठेवली जात आणि काढली जात.

काकूंचा कबीर त्याच पायलट्सचा डिफेन्समन, म्हणजे आपल्या गोलपुढे उभं राहून समोरच्याला अडवणारा गडी. कबीर वझलवार फार मोठा खेळाडू नव्हता. सहा बचावपटू खेळवतात त्यातला तो सहावा, आणि बरेचदा सातवा, म्हणजे सूट घालून वरून मॅच बघणारा. पण मराठी घरातला पोरगा या पातळीला पोचलाय याचं साऱ्या महाराष्ट्र मंडळाला कौतुक होतं. शंतनू कुठे काम करतो हे मंडळाच्या गणपतीत कळलं तेव्हा रत्नाकाकूंनी त्याचा हात धरला तो सोडलाच नाही. "आमच्या कबीरच्या टीममध्ये? आणि नागपूरचा? मग रविवारी वडाभाताला यायचं." झालं. तेव्हापासून तीन वर्षांत त्याचा एकही रविवार चुकला नव्हता.

आता एक गोष्ट शंतनूने ऑफिसात कधीच सांगितली नव्हती. नोकरीला लागताना त्याने एका कागदावर सही केली होती की खेळाडूंशी किंवा त्यांच्या घरच्यांशी घरोबा ठेवणार नाही, आणि असलाच तर आधी कळवीन. सही करताना त्याला हसूच आलं होतं. मी कुठला, हे कुठले, घरोबा कसला होतोय! मग तो झाला. पहिल्या रविवारी सांगायचं राहिलं, दहाव्या रविवारी सांगणं अवघड झालं, आणि पन्नासाव्या रविवारनंतर ते अशक्य झालं. रिंकवर तो आणि कबीर एकमेकांना नुसती मान हलवायचे. कबीरला यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण तो कागद त्याने पाहिलाच नव्हता.

*

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी काकूंनी विषय काढला. बाहेर गुडघाभर बर्फ होता, काका गॅरेजपुढचा रस्ता साफ करत होते. काकूंनी शंतनूच्या पानात वडे कुस्करले, वर हिंगाचं कडकडीत तेल घातलं आणि समोर बसल्या.

"शंतनू, जूनमध्ये कबीरचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय."

"हो काकू."

"पंधराव्या वर्षी तो घराबाहेर पडला रे. हॉकीच्या शाळेत. मग कॉलेज, मग त्या छोट्या छोट्या लीग. सात वर्षांत सहा गावं. कुठे बसमध्ये झोपतोय, कुठे कुणाच्या बेसमेंटमध्ये. लग्न झालं तर बायको पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला, चिप डिझाइन करतीये, आणि हा इथे. आता मोनाला दिवस गेलेत. म्हणते, त्याचं एका जागी काही नक्की होईना, मी कशी नोकरी सोडू? बरोबरच आहे तिचं." काकू थांबल्या. "मला एकदा, एकदाच, तो संसार थाटून वीस मिनिटांवर राहायला हवाय. तुझ्या हातात काही असेल तर बघ की रे. एक शब्द टाक."

शंतनूने खरं तर सांगायला हवं होतं की काकू, इथे शब्दबिब्द चालत नाही, इथे सगळं आकड्यांवर. नागपूरला फोनवर मित्रांना तो हेच छाती फुगवून सांगत असे. पण तीन वर्षं ज्या हातचं खाल्लं तो हात समोर तेलाची पळी घेऊन थांबला होता. "बघतो काकू," तो म्हणाला.

आणि चार दिवसांत, मागितल्यासारखी, संधी चालून आली.

लीगमध्ये एक नवी टीम येणार होती, अल्बुकर्कीला. नव्या टीमला खेळाडू कुठून मिळणार? तर जुन्या प्रत्येक टीममधून एक उचलायचा. याचा नियम असा, की जुन्या टीमने सात फॉरवर्ड, तीन डिफेन्समन आणि एक गोलकीपर झाकून ठेवायचे. यादीत ज्यांची नावं ते सुरक्षित. बाकीचे उघडे, त्यांतला कुठलाही एक नवी टीम नेऊ शकते, आणि खेळाडूला कुणी विचारत नाही. पण टीमवाले लबाड असतात हे लीगला ठाऊक होतं. सगळा गाळ उघडा ठेवला तर नवी टीम काय नेणार? म्हणून आणखी एक अट होती. उघड्या ठेवलेल्यांत निदान एक डिफेन्समन असा हवा, की ज्याचं पुढच्या वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट झालेलं आहे आणि जो या मोसमात चाळीस मॅच खेळलेला आहे.

पायलट्सकडे असा माणूसच नव्हता. तीन चांगले होते ते झाकायचे होते. उरलेल्यांची कॉन्ट्रॅक्ट संपत होती. अट पुरी झाली नाही तर त्या तिघांतला एक उघडा ठेवावा लागणार होता, आणि जनरल मॅनेजर डॉयल या विचारानेच लाल होत होता. हा डॉयल बॉस्टनचा आयरिश, साठीचा, मोठ्या आवाजाचा, आणि टीम हीच त्याची लेकरंबाळं.

"चाळीस मॅच भरतील असा कुणीतरी शोध," तो शंतनूला म्हणाला. "त्याला स्वस्तातलं एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट देऊ, एप्रिलपर्यंत खेळवू, आणि जूनमध्ये ठेवू दारात."

शंतनूने आकडेमोड करून काढलेल्या पानावर दोन नावं आली. एक ओलसन, चौतीस वर्षांचा, एका गुडघ्याने अधू. दुसरा वझलवार, सतरा मॅच झालेल्या, म्हणजे तेवीस हव्या होत्या. आकड्यांत दोघं सारखेच होते. दोघांतला कुठला वर लिहायचा ते आकडे सांगत नव्हते, शंतनूने ठरवायचं होतं.

त्याने खूप विचार केला, अगदी प्रामाणिकपणे केला. उघड्यांत लमे नावाचा एक चलाख तरुण फॉरवर्ड राहणार होता. शंतनूचं गणित सांगत होतं की शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा नवी टीम लमेलाच नेईल. मग कबीरला धोका कसला? दाराशी नुसता उभा राहायचा, आणि त्या बदल्यात घराजवळ एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, वर रोज खेळायला. काकूंचं काम होतं, डॉयलचं काम होतं, कुणाचं वाईट होत नाही. त्याने कबीरचं नाव वर लिहिलं.

"छान," डॉयल म्हणाला. "चाळीस. त्यापुढे एकही नको. उगाच जखमी झाला तर त्या अटीत धरत नाहीत."

कॉन्ट्रॅक्टची बातमी आली त्या रविवारी काकूंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. शंतनूच्या पोळीवर तूप वाढताना त्या हळूच म्हणाल्या, "टाकलास ना शब्द? बोलू नकोस. मला सगळं समजतं. यांनाही मी सांगितलंय." यावर 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? शंतनू नुसता हसला. त्याला बरं वाटलं होतं, हे खरं आहे. परदेशात कुणाच्या तरी घरात आपण उपयोगी पडलो, या सुखाला माणूस भुलतो.

मग कॅलेंडर निळं होत गेलं. अठरा, एकोणीस, वीस. कबीरला कोच रोज उतरवत होता. काका फोनवर बहिणीला सांगायला लागले, "आता खाडा नाही." बेसमेंटमध्ये मॅच बघायला शेजारपाजारची मराठी मंडळी जमू लागली. आणि मार्चमध्ये मोनाने सनीव्हेलची नोकरी सोडली. पोटाला हात लावून ती विमानातून उतरली आणि वरच्या खोलीत राहायला आली. कबीर तळ्यापलीकडे घरं बघू लागला.

मार्चच्या सत्तावीस तारखेला चौकोनात चाळीस आकडा पडला. त्यानंतर मोसमाच्या नऊ मॅच राहिल्या होत्या, त्या नऊच्या नऊ दिवशी लाल फुली.

"कोच म्हणतो, रेस्ट घे," कबीर जेवताना म्हणाला. "नेक्स्ट सीझनसाठी फ्रेश हवा म्हणे. गुड साइन आहे, राइट?"

"हो, गुड साइन," शंतनू म्हणाला. त्याने पाणी मागितलं.

*

यादी द्यायची शेवटची वेळ जूनमधल्या एका शनिवारी संध्याकाळी पाचची होती. मोनाचं डोहाळजेवण काकूंनी त्याच दिवशी दुपारी ठेवलं. त्यांना कुठे ठाऊक होतं?

हिरवी साडी आणायला त्या आयसेलिनच्या भारतीय दुकानांत जाऊन आल्या होत्या. फुलांचे दागिने मंडळातल्या लतिकामावशींनी केले होते. डेकवर एक झोपाळा टांगला होता, त्यात मोना बसली होती आणि बायका तिला पेढा की बर्फी ओळखायला लावत होत्या. कबीर सहा फूट दोन इंचांचा, कुर्ता घालून सगळ्यांना पन्हं देत फिरत होता. शंतनूजवळ येऊन त्याने खांद्यावर हात टाकला.

"यार, घर मिळालं. तळ्याच्या त्या साइडला. मंडेला सही करतोय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आय नो, मी प्रोटेक्टेड लिस्टवर नसणार. थर्ड पेअरवाले, लास्ट जोडीतले, कधीच नसतात. पण ते लमेला नेतील, एव्हरीवन सेज सो. राइट?"

"सगळे तसंच म्हणतात," शंतनू म्हणाला. त्याच्या खिशात फोन थरथरला.

मधल्या काळात काय झालं होतं ते सांगायला हवं. डॉयलला लमेही सोडवत नव्हता. अशा वेळी एक वाट असते. नव्या टीमशी सौदा करायचा, की आम्ही तुम्हाला पुढच्या वर्षीचा एक नवा खेळाडू निवडायचा हक्क देतो, तुम्ही लमेला हात लावू नका, आम्ही सांगू तो घ्या. मग 'आम्ही सांगू तो' म्हणजे कोण, याचं पान शंतनूने करायचं. त्याने ते गुरुवारी दिलं होतं. गणिताने कबीरला पहिल्या ओळीत आणलं होतं, तेव्हा शंतनूने गणितातला एक आकडा किंचित सरकवला आणि कबीरला तिसऱ्या ओळीत ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आकड्यांशी खोटेपणा केला होता. दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नव्हतं.

तो फोन घेऊन कपडे धुण्याच्या खोलीत शिरला आणि दार लावून घेतलं. जेमतेम दोन पावलांची खोली. मशीन, ड्रायर, आणि बाळासाठी आणून धुतलेल्या दुपट्यांची टोपली. दारापलीकडून बायकांचं डोहाळ्याचं गाणं ऐकू येत होतं.

"फेब्रुवारीचं तुझं पान आणि हे पान मी शेजारी ठेवून बसलोय," डॉयल म्हणाला. "फेब्रुवारीत वझलवार गेल्याने आपलं सर्वांत कमी बिघडत होतं. आता तो तिसरा कसा? शेवटच्या नऊ मॅच तर तो बसूनच होता."

"मी एक गृहीतक बदललं. वयाचं."

"फक्त त्याच्यासाठी?"

ड्रायर मंद गरम होता आणि खोलीला खिडकी नव्हती.

"तू ओळखतोस त्याला?" डॉयलने विचारलं. आवाज साधाच होता. "तुमच्याकडचा आहे म्हणून विचारतो. ओळखत असशील तर आत्ता सांग. काही हरकत नाही, फक्त मग मला फेब्रुवारीचं पानही परत बघावं लागेल."

काही हरकत नाही म्हणे! हो म्हटलं तर तो सही केलेला कागद बाहेर येणार. नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की व्हिसावर साठ दिवस, मग सामान बांधायचं. पण नुसतं तेवढंच असतं तर कदाचित, कदाचित तो बोललाही असता. फेब्रुवारीचं पान उघडलं की कबीरलाही डाग लागणार होता. वशिल्याने कॉन्ट्रॅक्ट मिळवलेला खेळाडू, असं सगळ्या लीगमध्ये झालं असतं, आणि मग ना इथे ना तिथे, कुणी त्याला उभं केलं नसतं. शंतनूने कुठूनही हात घालून पाहिला तरी भिंतच लागत होती, आणि प्रत्येक वीट त्यानेच चांगल्या मनाने रचलेली होती.

"नाही," तो म्हणाला. "ओळखत नाही."

"गुड. मग पान नीट कर आणि तीनच्या आत पाठव. आणि ऐक, तुझे ग्रीन कार्डचे कागद काल सही करून वकिलाकडे दिलेत. चांगलं काम करतोस तू."

शंतनूने टोपलीवर लॅपटॉप ठेवला. खाली बाळाची दुपटी, वर तो. सरकवलेला आकडा त्याने परत जागेवर आणला आणि कबीर आपसूक पहिल्या ओळीत गेला. बाहेर एकदम टाळ्या वाजल्या. मोनाने बर्फी उचलली होती. पावणेतीनला त्याने पान पाठवलं आणि तोंड धुऊन बाहेर आला.

"कुठे होतास रे?" काकू म्हणाल्या. "तुझ्यासाठी फोटो थांबवलाय. ये, कबीरच्या शेजारी उभा राहा."

*

बुधवारी संध्याकाळी सातला निवड टीव्हीवर होती. जूनमधलं ऊन अजून डेकवर रेंगाळत होतं, पण सगळे बेसमेंटमध्ये. घरचे चौघं आणि शंतनू. काकूंनीच बोलावलं होतं. "तू असलास की धीर वाटतो," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि न जायला त्याला सबब सुचली नव्हती.

पडद्यावर नव्या टीमची एक बाई हसतमुखाने एकेक नाव वाचत होती. अकरावी पाळी पायलट्सची. तिने कागद पाहिला, आडनावाशी जरा अडखळली, आणि कबीर वझलवार म्हणाली.

कबीरचा फोन वाजायला लागला, तो त्याकडे बघत राहिला, उचलेना. मोना पोटावर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "बट आय क्विट. कबीर, आय ऑलरेडी क्विट." ती हे तीनदा म्हणाली. सोमवारी घरावर सही झालेली होती.

"ते कुठे आलं?" काकूंनी विचारलं. "किती तासांवर?"

"विमानाने सात-आठ तास, आई. मध्ये चेंज करून."

"तिथे तर वाळवंट आहे ना रे?"

"हो."

"मग बर्फावरचा खेळ कशाला खेळतात मेले!" काकू म्हणाल्या, आणि इतका वेळ धरलेलं रडू फुटलं. कबीर उठून त्यांच्याजवळ खाली बसला. एवढा धिप्पाड पोरगा, त्याने आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. शंतनूला वाटलं, आत्ता बोलावं. या घटकेला सगळं बोलून मोकळं व्हावं, मग व्हायचं ते होवो. त्याने तोंड उघडलंही.

पण काकूंनीच डोळे पुसून त्याच्याकडे पाहिलं. "तू का असा काळवंडलास रे? तू तरी काय करणार होतास? तू तुझ्याकडून शब्द टाकलास. इतकं कोण करतं?"

त्याचं उघडलेलं तोंड मिटलं.

"शंतनू," काका जिन्यापाशी उभे होते. "जरा वर ये. भांडी काढायला मदत कर."

स्वयंपाकघरात भांडी आधीच मांडलेली होती. काकांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढून ओट्यावर ठेवलं आणि त्यावर एक वर्तमानपत्राचं पान. निवडीचे नियम छापले होते, चौकटीत. एका ओळीखाली निळी रेघ होती.

"मी इंजिनियर माणूस," काका म्हणाले. "नियम असला की वाचतो. रविवारी हे आलं तेव्हाच वाचलं. चाळीस मॅच खेळलेला एक तरी डिफेन्समन उघडा ठेवायचा." त्यांनी कॅलेंडरची पानं मागे केली. "हा फेब्रुवारी. हा मार्च. तेवीस मॅच, एक खाडा नाही. मला वाटलं पोराचे दिवस पालटले. मी देवाला नारळ फोडला रे. सत्तावीस मार्चला चाळीस. आणि मग हे बघ, नऊ खाडे." बोट एकेका फुलीवरून गेलं. "एक्केचाळीस झाल्या असत्या तर मी स्वतःची समजूत घातली असती. नेमक्या चाळीस."

शंतनूची नजर ओट्यावर खिळली होती.

"तुला माहीत होतं?"

"हो काका."

"नाव कुणी दिलं?"

खाली टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला. शंतनूला खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. "मी. दोन्ही वेळा मीच. पहिल्यांदा काकू म्हणाल्या होत्या म्हणून... मला वाटलं, त्याला नेणार नाहीत. मी मनापासून केलं होतं काका. मी काकूंना आत्ता जाऊन सांगतो, पाय धरतो."

"खबरदार," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण शंतनूने त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "काय सांगशील तिला? की काकू, तुम्ही शब्द टाकायला सांगितलंत म्हणून पोरगा गेला? तिला फक्त एवढं एकच ऐकू येईल. ती उरलेलं आयुष्य स्वतःला खात बसेल. तुझं मन हलकं करायला माझी बायको नाही मिळायची."

"मग मी काय करू?"

काकांनी कॅलेंडर परत खिळ्याला लावलं, सरळ केलं. "रविवारी यायचं. दर रविवारी, आत्तापर्यंत यायचास तसं. जेवायचं, हसायचं, कबीरची मॅच तिच्याबरोबर बघायची. तू नाही आलास की ती विचारणार, शंतनू का येत नाही. मग शोधेल, आणि ती हुशार आहे, तिला सापडेल."

जिन्यावर पावलं वाजली. काकू वर आल्या, पदराने चेहरा पुसत. "अहो, त्याला कामाला काय लावलंत? आणि शंतनू, आता हे दोघं जातील, तर तू तरी येत जा हं रविवारचा. घर खायला उठेल नाहीतर."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. गरजच नव्हती.

"येईन काकू," तो म्हणाला.

आणि तो आला. चारच दिवसांनी, दुपारी बाराला. वरच्या खोलीतून खोके खाली उतरत होते, मोना त्यावर इंग्रजीत नावं लिहीत होती. काकूंनी वडाभात केला होता. शंतनू फ्रिजसमोरच्या आपल्या खुर्चीत बसला. काका उठले, खिशातून निळं पेन काढलं आणि कॅलेंडरवर त्या रविवारच्या चौकोनात एकचा आकडा लिहिला.

"आता काय मोजताय?" काकूंनी पळी हातात धरून विचारलं. "मॅचेस तर संपल्या."

"शंतनू आला ना," काका म्हणाले. "त्याचा आकडा. याचा खाडा होऊ द्यायचा नाही."

काकू कितीतरी दिवसांनी हसल्या, आणि त्याच्या भातावर दोन पळ्या तेल जास्तच पडलं.